टॉपला न येणारं इंजिन

वडगावात माग बंद पडले की गल्ली एकदम परकी वाटायला लागते. त्या दुपारी वीज गेली, खडखडाट मध्येच तुटला, आणि रक्षाला स्वतःच्या हातातल्या पान्याची किरकिर ऐकू आली.

ती मागच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत, मोटरसायकलीसमोर पाट टाकून बसली होती. गाडी तिच्या थोरल्या भावाची, आदर्शअण्णाची. श्रावणात तो साड्यांचा गठ्ठा बांधून बोरगावच्या व्यापाऱ्याकडे गेला, तो आलाच नाही. गाडी तेवढी सापडली. निपाणी ओलांडल्यावर रस्त्याकडेला स्टँडवर नीट लावलेली, किल्ली जागेवर, गठ्ठा जसाच्या तसा. शेजारी तंबाखूचं रान होतं, पण तेव्हा रोपं वीतभरच होती. तिथं मांजरसुद्धा लपलं नसतं. पोलिसांनी विहिरी बघितल्या, ओढा बघितला आणि शेवटी गाडी घरी पोचवली.

आता पौष लागला होता. केदारीकाकांनी घरात सांगून टाकलं होतं की दर्भाचा पुतळा करून आदर्शची क्रिया उरकायची. आई, यशोदाबाई, हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. गाडीला काकांनी गिऱ्हाईक बघितलं होतं. ते संध्याकाळी येणार होतं.

रक्षा बसने त्या रानाकडे जाऊन आली होती. काही दिसलं नव्हतं. त्याच्याच गाडीवरून, त्याच्याच वाटेनं जायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते आज करायचं तिनं ठरवलं होतं. पण गाडी किक मारली की फुरफुरायची आणि दम तुटल्यासारखी बंद पडायची.

मच्छे गावच्या कारखान्यात ती यंत्राचे भाग मापून पास-नापास करायची. तिथं अंदाजाला किंमत नव्हती. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट राखणारे स्क्रू, आवळून बसलेत, हे तिनं आवाजावरूनच ताडलं. फट मोजायची तर आधी पिस्टन टॉपला, म्हणजे अगदी वर आणायला हवा. पिस्टन वर येतो दोनदा. एकदा धूर बाहेर ढकलताना. तो टॉप फसवा. एकदा हवा दाबताना, तो खरा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि त्यांना दाबणारे छोटे दांडे, रॉकर, बोटानं टकटक हलतात.

तिनं प्लग काढला, झाकणं उघडली आणि बाजूच्या भोकातून पाना घालून इंजिन सावकाश फिरवलं. छोट्या खिडकीत इंजिनातल्या चाकावरची 'टी'ची खूण आली, खाचेसमोर थांबली. रॉकर घट्ट. म्हणजे फसवा टॉप. तिनं आणखी एक फेरा दिला. खूण पुन्हा आली.

रॉकर घट्टच.

आपण फेरा चुकलो असं समजून तिनं परत फिरवलं. मग परत. दर फेऱ्याला एक व्हॉल्व्ह उघडाच राहत होता. टॅपेट आवळलेत म्हणून असेल, असं मनाशी म्हणत तिनं स्क्रू भरपूर सैल केले. तरी रॉकर घट्ट. इंजिन मिटायलाच तयार नव्हतं.

मग तिनं जुनी रीत केली. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून ठेवायचा आणि फिरवायचं. खऱ्या टॉपकडे जाताना आतली हवा अंगठा उचलते. तिनं अंगठा ठेवला. हवेनं तो उचलला.

तिनं अजून पाना फिरवला नव्हता.

हवा ऊबदार होती. ती थांबली, आणि मग अंगठ्याचं कातडं हळूच आत ओढलं गेलं. पुन्हा ऊब. पुन्हा ओढ. इंजिन तर सकाळपासून थंड पडलं होतं.

रक्षानं हात काढला, फडक्याला पुसला आणि भोकासमोर सुताचा धागा धरला. धागा बाहेर उडाला, आत गेला, बाहेर आला. संथ, झोपलेल्या माणसाच्या लयीत.

"गाडीला हात लावू नगंस म्हटलं हुतं न्हवं?" केदारीकाका मागच्या दारात उभे होते. "गिऱ्हाईक येणार हाय."

"गाडी अण्णाची हाय, काका. गिऱ्हाइकाची न्हाय."

"असा हट्ट करून माणूस परत येतंय व्हय?"

"हितं अंगठा ठेवा."

काका वैतागून वाकले. त्यांनी अंगठा टेकवला मात्र, चटका बसावा तसा मागं घेतला. धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"झाक ते," ते हळू म्हणाले. "रक्षा, ऐक माझं. त्यात काय तरी बाहेरचं हाय. ते आदर्श न्हाय."

"नसंल."

"मग?"

"कोण का असंना. अण्णा जिथं उतरला तिथनंच आलंय न्हवं हे? मग वाट त्याला ठावं असंल."

काकांनी तिच्याकडे बघितलं. ते घरात गेले. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

रक्षानं पाना घट्ट धरला आणि फिरवला. या वेळी खूण खाचेजवळ येताच पाना अडला, आणि मग तिच्या मुठीतच उलटा वळू लागला. झटका नव्हता. पलीकडून कुणी शांतपणे, जोर लावून फिरवत होतं.

"सोड," ती म्हणाली.

पाना वळतच राहिला. तिनं चप्पल काढली, पाय इंजिनाला टेकवला आणि अंगातलं सगळं बळ दंडात आणलं. मनगटाची शीर उडायला लागली. खूण सरकली. मागं गेली. पुन्हा सरकली.

"मी सोडणार न्हाय. तू सोड."

खूण खाचेसमोर आली, आणि रॉकर सैल झाले. दोन्ही.

तिनं एका हातानं पाना दाबून धरला, दुसऱ्यानं फट मोजायची पत्ती घातली, स्क्रू फिरवला. पत्ती किंचित ओढ देत सरकली. तिनं पाना मांडीखाली दाबला आणि नट आवळले. माप बरोबर होतं. कारखान्यात तिनं ते पास केलं असतं.

आता प्लग बसवायचा राहिला.

व्हॉल्व्ह मिटलेले होते. भोक तेवढं उघडं होतं, आणि त्यातून श्वास येत होता; आता जरा जलद. प्लग बसवला की तेही बंद होणार. रक्षाचा हात पहिल्यांदा थांबला. घरातून यशोदाबाईंचा खोकला ऐकू आला.

ती भोकाजवळ वाकली.

"तुझ्याच वाटेनं निघायचंय," ती म्हणाली. "तवर दम धर."

श्वास आत गेला. बाहेर आला नाही. तिनं झटकन प्लग आवळला, झाकणं लावली. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. आवाज इतका गोल होता की आई कडी काढून दारात येऊन उभी राहिली.

"कुठं निघालीस गं?"

"अण्णाकडं."

यशोदाबाईंनी फाटक उघडून धरलं.

महामार्गावर गाडीनं कुठंच कुरबुर केली नाही. निपाणी मागं पडली, तेव्हा उन्हं कलली होती. ओळखीचं रान आलं. तिनं ॲक्सिलरेटरची मूठ ढिली केली नव्हती, तरी गाडी मंदावली आणि रस्त्याकडेला येऊन बंद पडली. तिनं ती स्टँडवर लावली. तापलेल्या इंजिनातून तिनं बरोबर आणलेला पाना लावून, फडक्यानं धरून प्लग काढला.

काहीच आलं नाही. तिनं धागा धरला. धागा सरळ लोंबत राहिला.

तंबाखू आता कमरेएवढी झाली होती. रान रिकामं होतं, पार बांधापर्यंत स्वच्छ दिसत होतं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. बांधावरच्या बाभळीचं पानही हलत नव्हतं. पण रानाच्या मध्यावर, खाटेएवढ्या एका तुकड्यात, ती रुंद चिकट पानं सावकाश वर उचलली जात होती आणि सावकाश खाली बसत होती.

रक्षानं हेल्मेट आरशाला अडकवलं. पाना हातातच ठेवला.

"आले," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पहिल्या सरीत पाऊल टाकलं.

पानं वर उचलली गेली. आणि श्वास रोखल्यासारखी तशीच राहिली.