रेघेची दुपारची उडी

ती प्रयोगशाळेच्या दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, लोखंडाचं जे काही असेल ते इथेच काढून ठेवा. द्रव हेलियमची टाकी घेऊन पहिल्यांदाच आलेला तो माणूस बिचारा गोंधळला. किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, कमरेचा भलामोठा पाना काढला, पट्टा काढला… आणि एका हाताने पँट सावरत अवघडून उभा राहिला. तिने कसंबसं हसू दाबलं.

"आणि तुमच्या केसांतली पिन?" त्याने हळूच विचारलं.

झालं! पडद्यावरची रेघ का थरथरतेय म्हणून बाईसाहेब स्वतःच ती पिन खोवून सकाळपासून डोकं धरून बसल्या होत्या. तिचे कान लाल झाले. पिन काढून तिने त्याच्याच हातावर टेकवली आणि कामाला लागली.

काम तसं फारच नाजूक. द्रव हेलियमने अतिथंड केला की विजेला जराही न अडवणाऱ्या धातूचा तिचा संवेदक. त्याने उपग्रहावर बसून पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीकसारीक बदल टिपायचे. बाहेरचा त्रास नको म्हणून खोलीला जाड भिंती, दार तेवढं साधं. चाचणीत रेघ सरळ राहिली तरच तो आकाशात जाणार, नाहीतर त्याची जागा दुसऱ्या यंत्राला.

आणि पिन गेली तरी रेघ काही सरळ राहीना. रोज जेवणानंतर ती टुणकन उडी मारायची, जराशी तिथेच रेंगाळायची आणि मुकाट खाली यायची. तारा बदलल्या, थंड भांडं बदललं, काही उपयोग नाही. घरी ती न जेवता ताटाकडे बघत बसली की आत्या विचारायची, ताटात काय शोधतेस गं? शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, उद्यापर्यंत दोष सापडला नाही तर विषय संपला. इतक्या वर्षांची मेहनत… तिला नुसतं रडू येत होतं.

त्या दुपारी रेघेने पुन्हा उडी मारली. तिने वैतागून धाडकन दार उघडलं.

समोर तो. ठोठावायला उचललेला हात तसाच वर. मुठीत पिन, आणि कमरेला तो मेला पाना!

"रोज येता?"

"रोज… पिन द्यायला. लोखंड आत आणायचं नाही म्हणालात, म्हणून बाहेरच थांबतो." त्याने मान खाली घातली. "ठोठावणार, तेवढ्यात वाटतं — पिन दिली की यायला निमित्त काय उरणार? मग परत जातो."

तिने त्याला लांब जायला सांगितलं. रेघ खाली आली. मग जवळ बोलावलं. रेघेची उडी! तिने त्याला पुन्हा पाठवलं, पुन्हा बोलावलं. खरं तर एकदाच पुरे होतं. संवेदक ठणठणीत होता; रेघ हलवत होता तो पाना. ती हसत सुटली, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"माझा जीव खाल्लास, कळतंय का तुला?"

तिच्या 'तुला'ने तो चमकला. "मग… आता काय करू?"

"पाना लांब ठेव. पिनही. आणि आत ये — निमित्ताशिवाय."

दुसऱ्या दिवशी साहेब सरळसोट रेघेकडे बघतच राहिले. दोष होता तरी कुठे, त्यांनी विचारलं.

"दाराबाहेर उभा होता, साहेब," ती म्हणाली. "आत घेतला."

मागे टाकीची तोटी पुसणाऱ्या माणसाचे कान लालबुंद झाले.