अकरा गुलाबी पाकळ्या

वाफ्यात झाडं नऊ. प्रत्येक झाडावर फूल एकच, कारण बाजूच्या सगळ्या कळ्या हेमांगीबाईंनी वेळच्या वेळी खुडल्या होत्या. सर्वांत मोठं फूल पाचव्या झाडावर होतं. व्यास एकतीस सेंटिमीटर, पाकळ्या एकशे अठ्ठ्याण्णव. त्यांतल्या एकशे सत्त्याऐंशी दिसायला दुधासारख्या पांढऱ्या. उरलेल्या अकरा, फूल मागे वळल्यामुळे पाठीकडून आजच दिसू लागलेल्या, बुडाशी गुलाबी.

हेमांगीबाईंनी चिमटा घेतला आणि त्या अकराही पाकळ्या मुळापासून एकेक करून उपटल्या. खांबावरचा कॅमेरा आठ वाजता फोटो काढायचा. अजून वीस मिनिटं होती.

"झाला का शृंगार?" वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या शिरीषनी विचारलं. "आपल्या लग्नात एवढी नटली नव्हतीस."

"तेव्हा प्रदर्शनाचे परीक्षक कुठे होते?"

"माझी आई होती की!"

हेमांगीबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर नवऱ्याच्या हाताकडे गेली. कोपराखाली आणखी एक निळसर डाग उमटला होता, नुसता खुर्चीचा दांडा टेकून. माणसाच्या रक्तात प्लेटलेट निदान दीड लाख असाव्यात. शिरीषच्या एक्केचाळीस हजारांवर आल्या होत्या. हाडांच्या आतला मगज रक्त बनवायचं काम हळूहळू सोडून देत होता आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. कुठल्या रसायनांशी संबंध आला होता का, असं त्यांनी विचारलं होतं. "जन्म पोस्टात गेला. रसायन म्हणाल तर डिंक," असं शिरीषनी सांगितलं होतं.

साडेआठला फाटक वाजलं. संशोधन संस्थेची मनवा खरात आली होती. वेळेगावच्या या वसाहतीतल्या साठ घरांना 'प्रहरी डेलिया'चे कंद तिच्याच संस्थेने वाटले होते. पांढऱ्या डेलियात रंग बनवणारं जनुक असतंच, फक्त ते गप्प बसवलेलं असतं. संस्थेने त्याला एका अटीवर बोलायची मुभा दिली होती: पाकळी उमलत असताना हवेत बेंझिनची विषारी वाफ असेल, तर त्या पाकळीने बुडाशी गुलाबी व्हायचं. साठ घरं, साठ वाफे, रोजचे फोटो आणि त्यांवरून बनणारा हवेचा नकाशा.

"काकू, आज अहवाल जातोय," मनवा म्हणाली. "बेंझिन महामार्गावरच्या कारखान्यातून येतंय असं गणित सांगतं. उद्यापासून तिकडे तपासणी. पण तुमचं घर मला छळतंय."

"आमचं? आमच्या फुलांना तर डाग नाही."

"तेच ना. आजूबाजूच्या दहा घरांत गुलाबी आहे आणि मधोमध तुमचं एकटंच स्वच्छ. असं कसं होईल? त्यामुळे उगम इथे धरताच येत नाही."

मनवा पाचव्या झाडापाशी गुडघे टेकून बसली आणि फुलाला हात न लावता वाकून त्याच्या पाठीकडे बघू लागली. बराच वेळ झाला.

"काकू, इथे अकरा वण आहेत."

"अगं, प्रदर्शनाआधी सगळेच तसं करतात," हेमांगीबाई घाईने म्हणाल्या. "डागी पाकळी दिसली की मार्क जातात. पलीकडचा तांबोळी तर कापसाच्या बोळ्याने एकेक पाकळी पुसतो. आणि फोटो काढायच्या आधी लेकराचं नाक आपण पुसतोच ना?"

"कंदांसोबतच्या पत्रकात लिहिलं होतं, पाकळी काढू नका म्हणून."

"वाचलं होतं. मला वाटलं, कंदातच खोट असेल. एवढ्या तेवढ्या गुलाबीने काय होतंय!"

"कधीपासून काढताय?"

"पहिल्या वर्षापासून." त्यांचा आवाज खाली आला. "तीन हंगाम झाले. तिन्ही वर्षी पहिला नंबर."

मनवाने डोळे मिटून घेतले आणि उघडले. रागावणं तिला जमत नव्हतं. या बाईंनी तिला दर भेटीत थालीपीठ खाऊ घातलं होतं.

"बेंझिनने नेमकं होतं काय?" शिरीषनी खुर्चीतून विचारलं.

"बरीच वर्षं थोडं थोडं अंगात जात राहिलं, काका, तर हाडातल्या मगजाला मार बसतो. रक्त कमी बनतं." एवढं बोलून ती थांबली. तिला त्यांच्या हातावरचे डाग दिसले होते.

हेमांगीबाई जागच्या जागी खाली, वाफ्याच्या विटांवर बसल्या.

"आता काय करायचं ते सांग," त्या म्हणाल्या.

"डेलियाचं फूल बाहेरून आत उमलतं. रोज साधारण एक ओळ. उमलते त्याच दिवसाची हवा पाकळी नोंदवते, नंतरची नाही. तुम्ही काढल्यात त्या पाठीवरच्या. आतल्या ओळींची बुडं झाकलेली असतात, ती कॅमेऱ्याला दिसत नाहीत. फूल सुटं केलं, तर बारा दिवसांचा हिशोब लागेल. पण तेवढ्या ओळी याच फुलाला आहेत. बाकीची आत्ता कुठे उमलायला लागलीत. आणि तुमचं प्रदर्शन उद्या..."

हेमांगीबाई उठल्या. कात्री त्यांनीच आणली. देठ एका हाताने धरून त्यांनी पाचव्या झाडाचं फूल कापलं आणि ओसरीवर, जुन्या धोतराच्या फडक्यावर ठेवलं. मग दोघी समोरासमोर बसल्या. हेमांगीबाई पाकळ्या सोडवत होत्या आणि मनवा रंगमापक टेकवून गुलाबीचे आकडे सांगत होती.

पहिली ओळ, दोन. दुसरी, पाच. तिसऱ्या ओळीत चारच पाकळ्या उरल्या होत्या, तिथे काटा चौतीसवर गेला. चौथी, दोन. पाचवी, सहा. सहावी, छत्तीस.

"दर तिसऱ्या दिवशी?" मनवा पुटपुटली. "वारा काही असा शिस्तीत वाहत नाही."

सातवी, तीन. आठवी, सहा. नववी, अडतीस.

हेमांगीबाईंचे हात थांबले. त्या आत गेल्या आणि बागेची वही घेऊन आल्या. मोठं फूल हवं असेल तर झाडाला थोडा ताण द्यावा लागतो, म्हणून त्या एक दिवस पाणी देत आणि दोन दिवस वाफा कोरडा ठेवत. वहीत प्रत्येक पाण्यासमोर तारीख होती. पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या ओळीचा दिवस पाण्याचा होता. तिसरा, सहावा, नववा हे वाफा सर्वांत सुकलेला असण्याचे दिवस.

"बारावी ओळ चाळीसच्या आसपास असणार," त्या म्हणाल्या.

बारावी ओळ एक्केचाळीस निघाली.

"माती ओली असली की तिची भोकं पाण्याने बुजतात," मनवा सावकाश म्हणाली. "वाफ वर येऊ शकत नाही. म्हणजे हे वाऱ्यावरून येतच नाही, काकू. हे जमिनीतून येतंय. इथूनच."

वाफ्याच्या मागे भिंत होती. भिंतीपलीकडे रंगाचा कारखाना होता, वीस वर्षांपूर्वी बंद पडलेला. त्याच्या जमिनीखालच्या टाक्यांचं पुढे काय झालं, हे वसाहतीत कुणीच कधी विचारलं नव्हतं.

शिरीष अजून तिथेच बसले होते. गेली सहा वर्षं, रोज सकाळी दोन तास, त्याच जागी.

"अहो, उठा," हेमांगीबाई म्हणाल्या.

"खुर्ची घेतो आणि आलो."

"खुर्ची राहू दे. नुसते उठा आणि माझ्याकडे या."

मनवाने त्याच दुपारी अहवाल मागे घेतला. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडे अडीच मीटर खोलीवर गंजलेली टाकी लागली. गल्लीतली अकराही घरं रिकामी केली गेली. हेमांगीबाई आणि शिरीष मोकाशी हे शिरीषच्या बहिणीकडे राहायला गेले. त्याआधीच झालेल्या प्रदर्शनात तांबोळीचं सत्तावीस सेंटिमीटरचं फूल पहिलं आलं. "तुम्ही नव्हता, म्हणून माझं निभावलं," असं त्याने फोनवर सांगितलं आणि मग अवघडून शिरीषची चौकशी केली.

हेमांगीबाईंनी संस्थेला पत्र लिहिलं. आपण कोणत्या वर्षी, कोणत्या तारखांना, किती पाकळ्या उपटल्या, ते त्यांनी आठवेल तेवढं त्यात मांडलं. आपला वाफा नकाशावर खोटा दिसल्यामुळे शेजारी तीन वर्षं याच हवेत राहिले, हे वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. शेवटी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक माणसाचं रक्त तपासावं अशी विनंती केली. सोबत यादी जोडली होती, नावं आणि वयांसकट.

दहा आठवड्यांनी निकाल आले.

शिरीष मोकाशी यांच्या प्लेटलेट: अडुसष्ट हजार.

शेजारच्या दहा घरांत तपासलेली माणसं: एकतीस. दीड लाखाच्या खाली: सहा.