लघुग्रहांच्या खोलीतली टाळी

सांगतोय ते माझ्याच बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, रचलेलं तर मुळीच नाही.

मी वायरमन. लाईट गेली की लोक मला हाक मारतात, त्यामुळे अंधाराची भीती मला परवडत नाही. गेल्या सुट्टीतल्या त्या दुपारपर्यंत वाटायचीही नाही.

ताई शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीच्या शिबिरात तिने सूर्यमालेचा खजिनाशोध ठेवला होता. प्रत्येक वर्गात एक ग्रह, प्रत्येक ग्रहापाशी एक कोडं. मंगळ आणि गुरूच्या मधला लघुग्रहांचा पट्टा म्हणजे शाळेचं तळघर. तिथे कागदाच्या लगद्याचे दगड बनवून दोऱ्यांनी टांगायचं काम फुकटात माझ्या गळ्यात पडलं.

दार एकच. त्याला काळा पडदा.

दोरे गुंतू नयेत म्हणून ताईने नियम केला होता. आत एका वेळी एकच. बॅटरीच्या उजेडात कोड्यातला दगड ओळखायचा, बाहेर यायचं आणि रांगेतल्या पुढच्याला टाळी द्यायची. ज्याला टाळी मिळेल, त्याने आत जायचं.

रांगेत शेवटची होती माझी भाची, गोटी.

मी पडद्याकडे पाठ करून जिन्यातल्या अंधुक उजेडात प्लग बघत होतो. मागे टाळी वाजली. पडदा सळसळला. गोटीच्या आधीचा चष्मिस पोरगा माझ्या बाजूने उड्या मारत वर पळाला.

म्हणजे गोटी आत गेली.

थोडा वेळ गेला... आणखी थोडा...

आतून आवाज आला.

टक्... टक्...

दगडावर दगड आपटल्यासारखा.

पण ते दगड मी स्वतः बनवले होते. कागदाचे. आपटले तरी आवाज होणार नाही असे.

"गोटे, सापडला का गं?"

आवाज थांबला.

फटीतून बघितलं. बॅटरीचा उजेडही नव्हता. पोर पडली असेल, घाबरली असेल.

"टाळी द्यायला कोणी उरलं नाही म्हणून थांबलीयेस का? मला दे. ये."

मी पडद्यातून हात आत घातला.

एक लहान तळवा माझ्या तळव्यावर पडला... गारठलेला... ओला.

"मामा!"

आवाज मागून आला होता. जिन्यातून.

गोटी पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

"मी पाणी भरायला गेले होते. माझी पाळी आली का?"

मी पडदा ओढून काढला, सगळे दिवे लावले. आत कोणी नव्हतं. एकही दोरा हलत नव्हता. चष्मिसला विचारलं, तर म्हणाला, "मी गोटीलाच टाळी दिली. अंधारात हात दिसला फक्त."

ताईला सांगितलं. "एवढा मोठा घोडा झालास, आणि घाबरतोस?" म्हणून तिने हसण्यावारी नेलं.

परवा तिने हाच खेळ पुन्हा ठेवायचं काढलं. मी नको म्हणून भांडलो. गोटी शेजारी चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली,

"मामा, तुला टाळी मिळाली होती ना? मग तू आत का नाही गेलास?"

ती रंगवतच राहिली.

"तू जाणार नसशील तर मी जाते. तुझ्यानंतर माझीच पाळी आहे."

ताई खळखळून हसली.

मला हसू आलं नाही. त्या रांगेत गोटीच्या पुढे आता फक्त मी आहे.