उशिरा आलेली ओ

१९८३ साली मी नागपुरात एम.डी. करत होतो. किडनी निकामी झालेल्या रुग्णांत थायरॉइड ग्रंथी मंदावते का, हा माझा प्रबंधाचा विषय. त्यातला एक रुग्ण, तुलाराम, नागपूरला यायला तयार नव्हता, म्हणून दर पंधरवड्याला मीच एसटीने त्याचं गाव, दिघोरी, गाठायचो. रक्त काढायचं, थर्मासात बर्फावर ठेवायचं आणि परत फिरायचं. पदवीसाठी माणूस काय काय करतो!

तुलाराम तलावात मासे धरणारा, चाळिशीचा. आता अंगाला सूज, आवाज जाड, आणि ऐन मे महिन्यात अंगावर गोधडी. विचारलेल्याचं उत्तर तो उशिरा द्यायचा. आधी बिडी ओढून होईल इतक्या वेळाने, मग तासाने. थायरॉइड मंदावली की माणूस असाच संथ होतो. माझा प्रबंध आपोआप लिहून होत होता आणि मी मनातून खूश होतो. आज त्याची लाज वाटते.

जुलैत त्याची बायको शकुन म्हणाली, की सोमवारी भात वाढू का विचारलं तर "वाढ" हे गुरुवारी येतं. तोवर तो भात कोंबड्यांनी खाल्लेला असायचा. त्याचं एकही उत्तर चुकत नव्हतं, मधले दिवस तेवढे वाढत होते. मी कागदावर 'भ्रम' लिहून मोकळा झालो.

रक्ताचा अहवाल आला. हार्मोन जरा कमी होतं, पण माणूस एवढा मंद व्हावा इतकं नाही. ते सांगायला गेलो तेव्हा कळलं, तुलारामला जाऊन नऊ दिवस झाले होते.

शकुन ओसरीत तांदूळ निवडत होती. रडून डोळे सुजलेले, चेहरा मात्र शांत. नवरा जायच्या आदल्या दिवशी तिने पाणी देऊ का म्हणून विचारलं होतं. त्याचं उत्तर नऊ दिवसांनी, काल, आतल्या खोलीतून आलं, असं तिने सांगितलं.

त्यानंतर आणखी काही विचारलंत का, मी म्हणालो.

"तिरडी उचलली तवा इचारलं ना, साहेब. मले बी संग नेता का म्हनून. बायका रडताना इचारतेतच."

तिरडी तो गेला त्याच दिवशी दुपारी निघाली होती, म्हणजे त्यालाही आज नऊ दिवस. मी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता.

आत्ताच्या आत्ता भावाकडे लाखांदूरला चला, मी सोडतो, असं मी तिला परोपरीने सांगितलं. नवऱ्याला विचारायचं आणि उत्तर न ऐकता उठून जायचं, हे तिला पटेना.

"नाई बी म्हनतीन," ती म्हणाली.

आत खाट करकरली.

"चाल."

जाड, संथ आवाज.

तिने सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि आत गेली.

"शकुनबाई!" मी हाक मारली.

ओ आली नाही.

आत गेलो. ती खाटेला टेकून बसली होती. नाडी लागली नाही.

गाव जमलं, तिचा दीर आला. चारच्या एसटीत मी कसाबसा चढलो. शेजारची जागा रिकामी होती. गाडीने दिघोरी सोडली आणि त्या जागेवरून बाईच्या आवाजात कुणीतरी आदबीने म्हणालं,

"जी, साहेब."