डोंगळ्याच्या रानातली राळ

इंद्रायणी ब्लाउजपीस घेऊन दुकानाबाहेर आली, तर जुन्या जालन्यातली ती भरगच्च कापडगल्ली अर्धी रिकामी झालेली! रिक्षा मागच्या मागं वळल्या होत्या, शटरं अर्ध्यावर आली होती, आणि तिच्या स्कूटीच्या हँडलवर एक काळपट-सोनेरी घोस लोंबत होता. जिवंत... सरसरणारा. मधमाश्यांचा.

"टायर पेटवा, धूर करा!" कुणीतरी ओरडलं.

"काही पेटवायचं न्हाई." शेजारच्या दुकानातून एक उंच तरुण बाहेर आला. मध गाळायला घेतलेली कोरी मलमल त्याच्या खांद्यावर होती. "नवं घर शोधून राह्यल्या त्या. पोट भरून निघाल्यात, उगी छेडलं न्हाई तर कुणाला काही करत न्हाईत. गाडी कुणाची?"

"माझी."

"मंग नशीब हाय गाडीचं. राणी बसली तिच्यावर."

"आणि मी कधी बसू?"

तो हसला. दुकानदाराकडून एक रिकामं खोकं मागून त्यानं ते घोसाखाली धरलं आणि हँडलला एकच झटका दिला. घोस अलगद खोक्यात उतरला. वर मलमल पडली. एक चुकार माशी मात्र इंद्रायणीच्या ओढणीवर चालू लागली, तशी तिनं डोळे गच्च मिटले.

"हलू नका..." आवाज अगदी जवळून आला. तिनं डोळे उघडले तेव्हा माशी त्याच्या बोटावर होती, आणि तो माशीकडं बघतच नव्हता.

त्याचं नाव अंगद. अंबडकडं त्याच्या मधपेट्या होत्या. बियाणं कंपनीनं कांद्याच्या प्लॉटवर त्या ठेवून घेतल्या होत्या, कारण माश्या फिरल्या नाहीत तर कांद्याच्या फुलात बी भरत नाही.

"मग पेट्यांत राळ निघत असेल ना?" इंद्रायणीनं एकदम विचारलं. "चिकट, तपकिरी... माश्या झाडांवरून आणतात आणि फटी बुजवतात ती?"

"ती व्हय? ती तर मी खरवडून फेकून देतो."

"फेकता?" ती एवढ्यांदा बोलली की दुकानदारानं शटर थोडं वर करून पाहिलं.

मग तिनं सांगितलं. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत होती. लघवीच्या इन्फेक्शनचे जंतू हल्ली गोळ्यांना दाद देत नाहीत. त्यांच्यावर मध आणि ही राळ काही काम करते का, हे ती तपासत होती.

"मंग रानात या की. लागंल तेवढी न्या. फक्त..."

"फक्त काय?"

"हा पिवळा ड्रेस नका घालू. माश्या फूल समजतील." मग मलमलीची गाठ मारता मारता तो हळूच म्हणाला, "माश्यांचं सोडा... मीच समजून राह्यलो."

ती गेली. निळा ड्रेस घालून गेली.

बियाण्याच्या कांद्याला तिकडं डोंगळा म्हणतात. कमरेएवढे हिरवे दांडे, प्रत्येकाच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोल चेंडू. सगळं रान गुणगुणत होतं. अंगद पेटीचं झाकण उचलायचा, कडेची राळ खरवडून तिच्या डबीत टाकायचा. त्या राळेला ओल्या लाकडाचा, धुपाचा वास होता. काम संपलं की तो पोळ्याचा एक तुकडा पानावर ठेवून तिच्यापुढं धरायचा.

"हे पण तपासायला का?" ती विचारायची.

"हे खायला. तपासत बसलात तर माझा अपमान होतो."

"तुमच्या माश्यांचा होतो."

"आम्ही काय येगळे हाव का?"

राळ पुरेशी जमली, तरी इंद्रायणी जात राहिली. कधी डबी लहान पडल्याचं निमित्त, कधी ताज्या नमुन्याचं. "तुमचे जंतू कसे हायेत?" तो विचारायचा. "मजेत आहेत," ती सांगायची, आणि दोघं उगीचच हसत राहायची.

अंगदची माय, दैवशालाबाई, बांधावर चहा घेऊन यायच्या. बसताना ओठ आवळायच्या. इंद्रायणीच्या ते दोन-तीनदा लक्षात आलं. एकदा अंगद लांबच्या पेट्यांकडं गेला, तेव्हा त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

"पोरी, तू लघवीच्या रोगाचंच शिकून राह्यली ना? मला लय दिवसांपासून आग होते बघ. रानात कुठं जायचं म्हणून पाणीच पीत न्हाई. मेडिकलातून गोळ्या आणते. दोन घेतल्या की बरं वाटतं, मंग सोडून देते. पुन्हा तेच. पोराला कसं सांगू गं?"

इंद्रायणीनं त्यांचा हात धरला. दुसऱ्याच दिवशी ती त्यांना जालन्याला घेऊन गेली, डॉक्टरीणबाईंना दाखवलं, जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते कळावं म्हणून लघवीचं कल्चर करायला दिलं. घरी परतताना दैवशालाबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तूच सांग त्याला."

रिपोर्ट आला. नेहमीच्या गोळ्यांपुढं ओळीनं एकच शेरा होता: चालत नाही. दोन-तीन इंजेक्शनं तेवढी लागू पडणारी होती. डॉक्टरीणबाईंनी ती दवाखान्यात राहून घ्यायला सांगितली.

इंद्रायणीनं अंगदला पेट्यांजवळ उभं राहून सगळं समजावलं. तो हातातल्या डबीतल्या राळेकडं बघत राहिला. मग त्याचे डोळे एकदम चमकले.

"पण मॅडम, राळ हाय की आपल्याकडं! तुम्ही त्याच जंतूंवर तपासून राह्यल्या ना? मंग मायला तीच द्या. अर्क करून, मधात कालवून... दवाखाना कशाला?"

"नाही."

"काऊन?"

"प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये जंतू थांबला म्हणजे माणूस बरा होतो असं नसतं. पोटातून लघवीपर्यंत ती किती पोचते, शरीराला किती सोसते... मलाच माहीत नाही अजून. मावशींना इंजेक्शनच द्यायचं, आणि आजच."

"म्हणजे राळ तुमच्या पुस्तकापुरती बराबर, अन् माझ्या मायपुरती न्हाई?"

हे लागलं. पण इंद्रायणी मागं हटली नाही. "अंगद, तुमची आई म्हणजे माझा प्रयोग नाही. तुम्ही माझ्यावर रागावलात तरी चालेल..."

तो हट्टाला पेटणारा माणूस नव्हता, पण मनातून दुखावला होता. "घरचं आवरून उद्या नेतो," एवढंच म्हणाला. इंद्रायणी स्कूटीवरून परत निघाली तेव्हा वाऱ्यावर डोंगळ्याचा उग्र-गोड वास येत होता, आणि तिला पहिल्यांदाच तो नकोसा झाला.

दुसरा दिवस उजाडला आणि अंगदचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "माय थरथर कापून राह्यली... ताप लय हाय, काही बोलंना..."

"निघा! जल्दी. मी रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या दारातच उभी राहते."

ती खरंच दारात उभी होती. अंगदनं दैवशालाबाईंना जीपमधून उतरवलं. तिनं एका बाजूनं आधार दिला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर नजर टाकली आणि तिथल्या तिथं इंजेक्शन सुरू केलं. "कल्चर आधीच केलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाहीतर कोणतं औषध लागू पडेल हे कळेपर्यंत मोलाचा वेळ गेला असता. इन्फेक्शन किडनीकडं चढलंय."

दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिनं आणलेला डबा उघडला. तो खाईना, तेव्हा तिनं घास करून त्याच्या हातावर ठेवला. तो खाली मान घालून म्हणाला, "काल मी काहीबाही बोल्लो."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं ना..."

तिसऱ्या दिवशी दैवशालाबाईंचा ताप उतरला. उठून बसल्या, आधी पाणी मागितलं, तांब्याभर प्याल्या, आणि इंद्रायणीला जवळ ओढून तिच्या गालांवरून हात फिरवत कडाकडा बोटं मोडली. "मी हाय ती हिच्यामुळं," त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. इंद्रायणीच्या घरी कुणी तिचं काम कधी विचारलं नव्हतं. जंतू वाढवते म्हणून सगळे हसायचे. त्या खरखरीत तळव्यांनी तिच्या कामाला पहिल्यांदा मान दिला होता.

दैवशालाबाई घरी गेल्यावर काही आठवड्यांनी तिनं अंगदला कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, दारातच चपला काढून उभा राहिला.

तिनं प्लेट उजेडात धरली. "हे मावशींचे जंतू. त्यांनी आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली म्हणून ठेवलेत. इथं नुसती गोळी टाकली... बघा, काहीच फरक नाही. इथं नुसती राळ... अगदी थोडा. आणि इथं दोन्ही मिळून."

तिसऱ्या ठिकाणी जंतूंच्या धुक्यात एक स्वच्छ, मोकळं वर्तुळ उमटलं होतं.

"म्हणजे... थांबले?"

"इथं थांबले. अजून लांबचा रस्ता आहे. पण कधीतरी, कुणाच्या तरी आईला..." तिचे डोळे भरून आले. "तुमची राळ आहे ही. तुम्ही दिलीत म्हणून झालं. थँक्यू, अंगद."

"तुम्ही कशाला आभार मानता? मी मानायचे का तुम्ही?" त्यानं प्लेटवरून नजर काढली नाही, पण आवाज हलला. "त्या दिवशी तुम्ही हो म्हणल्या असत्या, तर मी खूश होऊन गेलो असतो. अन् माय... तुम्ही न्हाई म्हणल्या. मी चिडलो तरी न्हाईच म्हणल्या. तवापासून एकच वाटून राह्यलं, की जन्मभर कुणी असं खरं बोलणारं घरात पाहिजे."

खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. इंद्रायणीनं प्लेट हळूच टेबलावर ठेवली.

"घरात पाहिजे म्हणजे... मावशींसाठी?"

"मायसाठी बी."

"आणि?"

"आता काय सगळंच बोलायला लावता का?"

"हो. मला अंदाजानं काहीच चालत नाही."

तो लाजला. कान लाल झाले. मग सरळ तिच्याकडं बघत म्हणाला, "इंद्रायणी... माझ्याशी लग्न करशील?"

मॅडम नव्हतं, तुम्ही नव्हतं. तिनं उत्तर देण्याआधीच त्याचा हात हातात घेतला. बोटांना अजून राळ चिकटलेली होती.

"करीन," ती म्हणाली. "बिलकुल करीन."