खोबणीतला दुसरा रेणू

कादंबरी शेटेने गोळी गिळली, घड्याळात दहा मिनिटं जाऊ दिली आणि मगच आमटीची वाटी पुढे ओढली. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात तिने आमटी पहिल्यांदा चाखली ती गेल्या वर्षी. प्रथिनांतलं फिनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल तिच्या शरीराला जन्मापासून मोडता येत नव्हतं. ते रक्तात साठलं की मेंदूला इजा करतं, म्हणून डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे सगळं वर्ज्य. लहानपण साबुदाणा, फळं आणि डब्यातल्या बेचव पावडरीवर गेलं होतं.

आता तिच्या आतड्यात मिरजेच्या एका संस्थेने घडवलेला जिवाणू राहत होता. त्याचं विकर, म्हणजे एन्झाइम, फिनिलअ‍ॅलनिन मोडून टाकी. गोळीत होती ती त्या जिवाणूची खास साखर. ती कुठल्याच अन्नात नसते. गोळी थांबवली की जिवाणू चार दिवसांत उपाशी मरावा, अशी योजना होती. नऊ जणांवरची ही चाचणी सुरू असतानाच कादंबरीला दिवस गेले. फिनिलअ‍ॅलनिन वाढलं तर गर्भालाच धोका, म्हणून चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने गोळी चालू ठेवली.

जेवण झाल्यावर तिने बोटाला सुई टोचली. रक्तातलं फिनिलअ‍ॅलनिन मोजणाऱ्या यंत्रावर हिरवा दिवा लागला. तरी तिने संस्थेत फोन केला.

"सुलभाताई, आकडे चांगले आहेत. पण हल्ली दुपारी डोळेच उघडत नाहीत. सहाव्या महिन्यात असं होतं का?"

"होऊ शकतं," चाचणी सांभाळणाऱ्या डॉ. सुलभा कारेकर म्हणाल्या. "तरी उद्या सकाळी नमुने देऊन जा."

कादंबरीच्या आतड्यातले जिवाणू सुलभाताईंनी वाढवले, त्यांचं विकर वेगळं काढलं आणि त्याचे स्फटिक केले. खडीसाखरेच्या कणाहूनही बारीक असे ते स्फटिक तयार व्हायला नऊ दिवस लागले. त्यांवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना फाकून ठिपके उमटवतात, आणि त्या ठिपक्यांवरून संगणक विकराची रचना मांडतो. विकराच्या मधोमध एक खोबण असते. फिनिलअ‍ॅलनिन तिथे नेमकं बसतं आणि तुटतं. त्याचं भावंड टायरोसिन तिथे टिकत नाही, असं अकरा महिन्यांपूर्वीच्या रचनेत स्पष्ट दिसलं होतं. तरीही कादंबरीच्या झोपेचं कारण शोधायला ताईंनी या वेळी स्फटिक मुद्दाम टायरोसिनच्या द्रावणात बुडवले होते.

पडद्यावर खोबण उघडली आणि ताई खुर्चीत पुढे सरकल्या. टायरोसिन आत बसलं होतं. खोबणीच्या तोंडाशी विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीतला एकच दुवा बदलला होता, आणि तो नवा दुवा टायरोसिनला धरून ठेवत होता. म्हणजे जिवाणू आता तेही मोडत होता.

 इतरांचं शरीर फिनिलअ‍ॅलनिनपासून टायरोसिन तयार करतं. कादंबरीला ते फक्त अन्नातून मिळायचं, आणि बाळाच्या मेंदूलाही तेच हवं होतं. घरच्या यंत्राला टायरोसिन मोजताच येत नव्हतं. हिरवा दिवा खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच विचारलं होतं.

त्या संचालक वाळिंबे सरांकडे गेल्या आणि चाचणी थांबवायला हवी म्हणाल्या.

"एका स्फटिकावरून चाचणी थांबवायची? पुन्हा करा. महिनाभर पाहू."

"सर, तिच्या रक्तातलं टायरोसिन मोजून घेतलंय. असायला हवं त्याच्या एक तृतीयांश आहे."

वाळिंबेंनी रक्ताचा अहवाल हातात घेतला. "बाकीचे आठ जण?"

"त्यांचंही आजच तपासू. पण गोळी सगळ्यांचीच बंद करायला हवी."

"करा," ते हळू आवाजात म्हणाले.

कादंबरी पुन्हा पावडरीवर आली. तिला टायरोसिन वेगळं सुरू केलं. ती रडली नाही, एवढंच विचारलं, "बाळ ठीक आहे ना?" सोनोग्राफीत वाढ बरोबर होती. मेंदूबद्दल जन्मानंतरच कळेल, हे ताईंनी तिच्यापासून लपवलं नाही.

चौथ्या दिवशी तिच्या नमुन्यात जिवाणू जिवंत होते. दहाव्या दिवशीही होते. खास साखरेवाचून जगायला ते शिकले होते. ताईंनी तिच्या नवऱ्याचा आणि सासूबाईंचा नमुना मागवला. दोघांतही तोच जिवाणू निघाला.

सुलभाताई स्वतः शेट्यांच्या घरी गेल्या. सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मला काही त्रास नाही हो. हा मला काय करणार?"

"निरोगी माणसात तो काय करतो, ते आम्ही कधी तपासलंच नाही, काकू," ताई म्हणाल्या. मग कादंबरीकडे वळल्या. "आतड्यातला जिवाणू हातांवरून अन्नात जाऊ शकतो. गेल्या महिन्याभरात तुझ्या हातचं कुणी खाल्लं?"

कादंबरीचा चेहरा उतरला. "डोहाळजेवण झालं ना. पंचेचाळीस बायका होत्या. माझी हौस म्हणून लाडू मीच वळले. तिघी गरोदर होत्या, ताई. कुणी डबा भरून घरीही नेले."

ताईंनी पर्समधून वही काढली. पेन उघडलं.

"त्या तिघींपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "कुठे राहतात त्या?"