एकोणतीसच्या पुढे

तो पंखा बंद करा रे, खडखड करतो. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. ही गोष्ट ऐकीव नाही. आम्ही परदेशात होतो तेव्हा शेजारी टायरचं दुकान होतं, त्या माणसाची आहे. माझ्यासमोर बसून, हातातला चहा गार करून त्याने सांगितली.

टायरवाला म्हणजे हात काळे, जीभ गोड आणि अंगात रग भरपूर. बायको दीड वर्षापूर्वी आजारपणात गेली. मागे राहिली साडेपाच वर्षांची पोरगी. एका जागी पाय ठरायचा नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

पोरीची मावशी दर आठवड्याला फोन करायची. "भाऊजी, तिला माझ्याकडे पाठवा. तुम्ही दिवसभर पंक्चर काढणार, पोरीच्या पोटात काय गेलं ते कोण बघणार?" ते खोटं नव्हतं, म्हणूनच याला झोंबायचं. शेवटी तो म्हणाला, "इथल्या शाळा जानेवारीत सुरू होतात, तेव्हा तीही जाईल. तोवर मला दोन महिने दे. सांभाळून दाखवतो. काही कमीजास्त झालं, तर स्वतः आणून सोडीन."

आणि पठ्ठ्याने केलं काय? एक जुनी व्हॅन घेतली, मागे फळ्या ठोकून बिछाना केला, तंबू, स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन भरले आणि पोरीला समुद्र दाखवायला निघाला. समुद्र कुठे, तर अडीच हजार किलोमीटरवर! लोकांनी वेड्यात काढलं. खोटं कशाला बोलू, मीही काढलं. पण पहिल्या आठवड्यातच पोरगी तंबूच्या खुंट्या ठोकायला शिकली. याला काही केल्या वेणी जमेना, तेव्हा दोघांनी मिळून तिचे केसच कापून टाकले. रोज रात्री मावशीला फोन जायचा, "जेवली, झोपली, खुशाल आहे." बरं चाललं होतं हो. खूप बरं.

रस्त्यावरच्या मुक्कामात एक अडचण असतेच. झोपण्याआधी पोरीला झुडपाआड जायचं असायचं आणि तिला लाज वाटायची. "बाबा, बघायचं नाही हं!" एकटी सोडावी, तर याचा जीव वरखाली. मग त्यावर तोड निघाली. तिने तिकडे बसून मोठ्याने आकडे म्हणायचे, याने इकडे पाठ करून प्रत्येक आकड्याला 'हं' म्हणायचं. आकडा थांबला की हा धावणार. पोरीला एकोणतीसपर्यंतच यायचं. एकोणतीस झाले की पुन्हा वीस, एकवीस. कितीही वेळ लागो, तीस म्हणून काही उजाडायचं नाही. याने ती चूक कधी सुधारली नाही. त्या चुकण्यावर त्याचा जीव होता.

नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. दिवस मावळायच्या आत पुढचा पेट्रोल पंप गाठायचा होता, पण मागचं चाक बसलं. टायरवाल्याच्याच गाडीचं चाक! हसा, तोही हसला होता. चाक बदलेपर्यंत अंधार पडला. रस्त्याकडेला मोकळा माळ होता, पुढे झुडपं. तिथेच तंबू ठोकला. फोनला रेंज नव्हती. मावशीला फोन न गेलेली ती पहिलीच रात्र.

पावणेदहाला पोरगी म्हणाली, "बाबा, जायचंय."

बॅटरी घेऊन त्याने तिला झुडपापर्यंत सोडलं, वीस पावलं मागे आला, बॅटरी विझवली आणि पाठ केली.

"एक."

"हं."

"दोन."

"हं."

वारा नव्हता. आवाज स्वच्छ येत होता. दिवसभराच्या श्रमाने याचे डोळे मिटायला लागले होते, पण तोंडातून 'हं' जात होतं.

"अठ्ठावीस."

"हं."

"एकोणतीस."

"हं."

"तीस."

याचे डोळे उघडले. तीस! शिकली की पोरगी! रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड वाचून शिकली असणार, दुसरं काय? छाती अशी फुगली त्याची. उद्या मावशीला पहिलं हेच सांगायचं, बघ म्हणावं, माझ्याजवळ राहून पोरगी काय शिकते ते. तिला मध्येच थांबवायला नको म्हणून तो तसाच उभा राहिला. एकतीसला 'हं'. बत्तीसला 'हं'. कौतुकाने, जरा मोठ्यानेच.

एकोणपन्नास झाले... पन्नास झाले.

आवाज थोडा लांब गेल्यासारखा वाटला.

"भिंगरे, झालं का गं?"

"एक्कावन्न."

"लांब जाऊ नकोस."

"बावन्न."

त्याच्या लक्षात आलं. पोरगी विचारलं की उत्तर देते. नेहमी देते.

तो वळला. बॅटरी लावली.

झुडपाआड कुणी नव्हतं.

"त्रेपन्न..."

पुढून. अंधारातून. पोरीचाच आवाज.

तो धावला. हाका मारत धावला. हाकेला उत्तर नाही. फक्त आकडे. साठ... एकसष्ट... पायाखाली उतार लागला. गवत संपलं. खडी लागली. पाय घसरला. तो गुडघ्यावर पडला आणि एक दगड पुढे घरंगळत गेला.

काही आवाज नाही.

मग खूप खाली... डुबुक.

बॅटरी पुढे धरली, तर पुढे जमीनच नव्हती. दगडाची जुनी खाण. कठडा नाही, पाटी नाही. खाली काळं पाणी.

आणि समोरून, त्या खड्ड्याच्या मधोमध, जिथे उभं राहायला काहीच नव्हतं तिथून,

"सत्तर."

आणि गप्प.

... 'हं'ची वाट बघितल्यासारखं.

त्याने तोंडावर हात दाबला. पोरगी गेली, एवढंच डोक्यात.

"बाबा, तू कुठे चाललास?"

मागून. तो फिरला. वर तंबूपाशी दिवा घेऊन पोरगी उभी. अंगाभोवती पांघरूण.

तो धावत गेला, तिला घट्ट धरलं. "कधी आलीस तू?"

"मघाशीच. व्हॅनच्या मागून आले. ती म्हणाली, तू जा, पुढचं मी म्हणते."

"ती कोण?"

पोरीने खाणीकडे बघितलं.

"तिला सगळे आकडे येतात, बाबा. पण तिला 'हं' म्हणायला कुणी नाही."

तंबू तिथेच राहिला. स्टोव्ह राहिला. पोरीला आत टाकून त्याने जी व्हॅन काढली, ती उजाडेपर्यंत थांबवली नाही. रेंज आली तसा मावशीला फोन लावला. "आणतोय तिला." काय झालं, काय झालं, म्हणून ती विचारत राहिली. याने फोन ठेवून दिला. मागे पोरगी रडत होती, समुद्र राहिला म्हणून.

ती पुढे मावशीकडेच राहिली, ते वेगळं सांगायला नको. मला सांगायचंय ते त्याआधीच्या सकाळचं.

बुधवारची रात्र त्यांनी एका पेट्रोल पंपाच्या आवारात काढली. चारी बाजूंना दिवे, खाली सिमेंट. दारं आतून बंद. पोरगी मागे फळ्यांवर, हा पुढे स्टिअरिंगशी बसून. तीनपर्यंत जागा होता. एकही आकडा ऐकू आला नाही. मग डोळा लागला. पहाटे कधीतरी पाऊस भुरभुरला.

सकाळी त्याने दार उघडलं. पाय खाली टेकवणार, तो तसाच थांबला.

सगळं आवार ओलं होतं. दाराला लागून एवढीच जागा कोरडी. लहान मूल कुशीवर झोपतं तेवढी. गुडघे पोटाशी घेतलेले. एक हात डोक्याखाली.

त्याने आधी मागे वळून पाहिलं. पोरगी बिछान्यात होती, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

मग त्याच्या ध्यानात आलं. ती कोरडी जागा पोरीच्या दाराशी नव्हती.

त्याच्या दाराशी होती.